एमओटी आणि गाडीच्या आतल्या बारीकसारीक तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूकेत नवीन आलेल्या, सेकंडहँड गाडी घेतलेल्या आणि पहिल्यांदाच एमओटीची तारीख जवळ आलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिलंय. इंजिन, ब्रेक, टायर यावर भरपूर माहिती मिळते, पण "आतला अमुक बंद पडलाय, आता फेल होणार का" याची सरळ उत्तरं कोणी देत नाही, आणि गराजवाले जी देतात त्यात त्यांचं बिल मिसळलेलं असतं. खालचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधल्या साध्या कारबद्दल आहे. नॉर्दर्न आयर्लंडचं थोडं वेगळं आहे ते शेवटाकडे आहे.

एमओटी म्हणजे नक्की काय, आपल्या आरटीओ पासिंगसारखंच का?

साधारण तेच, पण इथे लवकर आणि दरवर्षी. आपल्याकडे खाजगी कारला पंधरा वर्षं होईपर्यंत कोणी विचारत नाही, फक्त पीयूसी काढत राहायची. इथे गाडी तीन वर्षांची झाली की पहिली एमओटी आणि मग दर वर्षी एक. १९६० साली हे सुरू झालं तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांपुरतंच होतं, नंतर ती मर्यादा तीन वर्षांवर आली. टेस्ट सरकारी ऑफिसात होत नाही, परवाना असलेल्या गराजमध्ये होते, आणि नियम डीव्हीएसए नावाच्या सरकारी संस्थेचे असतात. कारसाठी जास्तीत जास्त फी ५४.८५ पौंड, पण बरीच गराजं त्यापेक्षा कमी घेतात, कारण गिऱ्हाईक आत आलं की पुढे दुरुस्तीचं काम मिळतं हे त्यांना माहीत असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

मग एसी बंद आहे, गाडी फेल होईल का?

नाही. एसी एमओटीत बघतच नाहीत. गॅस संपलेला असो, कॉम्प्रेसर गेलेला असो, काही फरक पडत नाही. हजार पौंडाचं काम असलं तरी नाही.

रेडिओ, टचस्क्रीन, ब्लूटूथ, आतला छताचा दिवा, सीट हीटर, पार्किंग सेन्सर, रिव्हर्स कॅमेरा, ग्लोव्हबॉक्सचं झाकण, कप होल्डर, घड्याळ?

यातलं काहीच तपासत नाहीत. पेट्रोलचा काटा आणि इंजिन टेम्परेचरचा काटासुद्धा नाही. मागच्या काचेच्या हीटिंग तारा नाहीत. सनरूफ अडकलंय, तेही नाही. गाडी विकायला काढलीत तर या सगळ्यावर भाव पाडून मागतील ती वेगळी गोष्ट, पण टेस्टरला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

मग आतलं तपासतात तरी काय?

टेस्टर ड्रायव्हरच्या सीटवर बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात साधारण चार गोष्टी असतात. ड्रायव्हरला बाहेरचं नीट दिसतंय का, गाडी ताब्यात ठेवता येतेय का, ठोकर बसली तर आतली माणसं जागेवर राहतील का, आणि गाडी स्वतःबद्दल काही धोक्याचं सांगतेय का. म्हणजे काच, वायपर, आरसे. स्टिअरिंग, पेडल, ड्रायव्हरची सीट. सीटबेल्ट, एअरबॅग, बाकीच्या सीट, दारं. आणि डॅशबोर्डवरचे ठरावीक दिवे. हॉर्न आहे, स्पीडोमीटर आहे. आतली एखादी गोष्ट बिघडली की या चारपैकी कशात बसते का ते स्वतःलाच विचारा, दहातल्या नऊ वेळा उत्तर तिथेच मिळतं.

दुरुस्तीचा खर्च आणि फेल होणं यांचा मात्र काही संबंध नाही. एसीचं काम हजार पौंडाचं आणि तो बंद असला तरी पास, काच धुवायचं पाणी फुकटचं आणि ते संपलं तर फेल.

काय सांगता, पाणी संपलं म्हणून फेल?

हो. वॉशर मारल्यावर काच साफ होईल इतकं पाणी आलं पाहिजे, नाही आलं तर तो मेजर फॉल्ट. टेस्टरने स्वतःहून बाटली भरली तर तो त्याचा चांगुलपणा, नियमाने त्याच्यावर बंधन नाही. तेव्हा आदल्या दिवशी बॉनेट उघडा, काच धुवायच्या पाण्याच्या टाकीत पाणी भरा, एकदा मारून बघा की नोझल तुंबलेलं नाहीये ना. वायपरचं रबर फाटलं असेल तर तेही तेव्हाच बदला. इतकं सोपं काम आणि इतके लोक त्यावर अडकतात की काय सांगावं.

मायनर, मेजर, डेंजरस, अॅडव्हायजरी, हे सगळं काय असतं? मायनर असलं तरी फेल का?

२० मे २०१८ पासून ही पद्धत आहे. डेंजरस म्हणजे फेल आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणायचीच नाही. मेजर म्हणजे फेल. मायनर म्हणजे पास, पण कागदावर नोंद होते आणि लवकर दुरुस्त करा असं सांगतात. अॅडव्हायजरी म्हणजेही पास, पुढे त्रास देईल, लक्ष ठेवा.

तर मायनरने फेल होत नाही. पण आपण ज्याला "अहो बारीकसं आहे" म्हणतो ते टेस्टरच्या पुस्तकात मायनरच असेल असं समजू नका, हॉर्न आपल्याला बारीक वाटतो आणि तिथे तो मेजर आहे.

डॅशबोर्डवर दिवा लागलाय. कुठला चालतो, कुठला नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

फेल करणारे दिवे: एबीएसचा, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा म्हणजे घसरत्या गाडीचं चित्र असतं तो बिघाड दाखवत असेल तर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचा बिघाड दाखवणारा, आणि पिवळा इंजिनचा दिवा. इंजिनच्या दिव्याला तारखेची अट आहे, पेट्रोल गाडी १ जुलै २००३ पासून पुढे वापरात आलेली असेल तर आणि डिझेल असेल तर १ जुलै २००८ पासून पुढची. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्या यात आल्याच.

टायर प्रेशरचा दिवा जरा गुंतागुंतीचा आहे. १ जानेवारी २०१२ पासून पुढच्या गाड्यांना हे लागू. पण नुसती हवा कमी आहे म्हणून दिवा लागला असेल तर त्यावर फेल करत नाहीत, ती यंत्रणाच बिघडली आहे असं दिसलं तर करतात. गंमत अशी की बाहेरून बघणाऱ्याला या दोन्हीतला फरक दर वेळी कळेलच असं नाही, म्हणून येण्याआधी पेट्रोल पंपावर चारही टायरची हवा भरून सिस्टीम रीसेट करून या, वाद टळतो.

ब्रेक फ्लुइडचा दिवा मायनर आहे, म्हणजे पास. पण तो लागलाय म्हणजे एकतर ब्रेक पॅड झिजलेत किंवा तेल कुठेतरी गळतंय, आणि ते ब्रेकच्या तपासणीत वेगळं सापडू शकतं. त्यामुळे "मायनर आहे ना" म्हणून निवांत बसू नका.

न मोजले जाणारे: सर्व्हिस ड्यू, ऑइल बदला, बल्ब गेलाय असा मेसेज, किल्लीची बॅटरी, सीटबेल्ट लावा ची टूंटूं. बल्बचा मेसेज मोजत नसले तरी तो बल्बच बाहेरचा असेल आणि गेला असेल तर बहुतेक वेळा फेल, ते दिव्यावर नाही, बल्बवर.

दिव्यावर काळी टेप लावली किंवा बल्बच काढला तर?

हे विचारणारे आपलेच लोक असतात, आणि दर वर्षी असतात. एबीएस आणि इंजिनचा दिवा इग्निशन ऑन केल्यावर आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर तोही फॉल्टच. टेस्टरने हजारो गाड्यांत हा खेळ बघितलेला असतो.

ओबीडी रीडरने (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) कोड पुसून टाकला तर?

टेस्टर एमओटीत गाडीला कॉम्प्युटर जोडत नाही, तो फक्त दिवा बघतो. त्यामुळे कोड पुसला, दिवा गेला आणि टेस्ट होईपर्यंत परत आला नाही, तर कागदावर गाडी पास. पण मूळ बिघाड तसाच राहतो आणि थोडं चालवल्यावर दिवा बहुतेक परत येतोच, बऱ्याचदा गराजच्या वाटेवरच. लॅम्बडा सेन्सरसारखं (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काही बिघडलं असेल तर तसंही धुराच्या तपासणीत पकडलं जायची शक्यता असते. एअरबॅगच्या बाबतीत मात्र हे अजिबात करू नका, तो दिवा म्हणजे ठोकर बसल्यावर बॅग उघडेल याची गॅरंटी नाही असं गाडी स्वतः सांगतेय. पुढच्या सीटखाली वायरचा एक कनेक्टर असतो, सीट मागेपुढे करून किंवा व्हॅक्यूम करताना तो सैल झाला की हा दिवा लागतो, बऱ्याच गाड्यांत कारण इतकंच निघतं. पण तो कनेक्टर स्वतः ओढाताण करून बघण्यापेक्षा जाणकाराला दाखवा.

लहान मुलाच्या सीटसाठी पॅसेंजर एअरबॅग बंद केलीय, तो दिवा दिसतोय.

काही हरकत नाही. स्विचने मुद्दाम बंद केलेली पॅसेंजर एअरबॅग हा दोष धरत नाहीत. मागे तोंड असलेली बेबी सीट पुढे लावली असेल तर ती बंद असायलाच हवी.

सीटबेल्ट हळू आत जातो, ओढून सोडला की लोंबकळत राहतो.

सीटबेल्टच्या बाबतीत टेस्टर खरंच काटेकोर असतात. पट्टा कुठे कापलाय का, कडा उसवल्यात का, बक्कल खट्टकन बसतं का आणि दाबल्यावर सुटतं का, पट्टा गुंडाळून आत जातो का, सगळं बघतात. नुसता हळू जातोय आणि हाताने जरा सरकवला की पूर्ण जातोय इतपत ठीक, पण अजिबात जातच नसेल आणि अंगाला सैल राहत असेल तर फेल. कोमट पाण्यात थोडा साबण घालून पट्टा पूर्ण बाहेर ओढून पुसा, आणि सुकल्याशिवाय आत सोडू नका. वर्षानुवर्षांचा मळ आणि घाम असतो तो, तो निघाला की बहुतेक पट्टे सुधारतात.

आणखी एक म्हणजे मागच्या सीटची बक्कलं. मुलांच्या सीट, उशा, शाली, डब्याची पिशवी या सगळ्यात ती गादीखाली गेलेली असतात. टेस्टरला मिळाली नाहीत तर तो शोधत बसेलच असं नाही. आदल्या दिवशी वर काढून ठेवा.

मुलांच्या कार सीट काढून न्यायच्या का?

सक्ती नाही. टेस्टरने त्या काढल्याच पाहिजेत असंही नाही, जेवढं दिसतं तेवढं बघतो आणि बाकीचं नीट तपासता आलं नाही अशी नोंद करतो. पण काढून नेल्या तर बेल्टची खरी तपासणी होते, आणि खरं तर ज्या बेल्टवर आपण पोरांना बांधतो तोच तपासून घ्यायला नको का. मी तर म्हणेन काढा.

सीट फाटलीय, स्पंज बाहेर आलाय. सीट कव्हर घातलं तर चालेल का?

फाटलेलं कापड हा एमओटीचा विषय नाही. सीट जमिनीला घट्ट बसलीय का आणि पाठ सरळ उभी राहून लॉक होते का, एवढंच बघतात. ड्रायव्हरची सीट मात्र पुढेमागे सरकली पाहिजे. इलेक्ट्रिक सीट असेल आणि मोटर गेल्यामुळे ती एका जागी अडकली असेल तर फेल होऊ शकते, "मी एकटाच चालवतो आणि मला बरोबर बसते" हे ऐकून घेत नाहीत. उंची कमीजास्त होणं, कमरेचा आधार, सीट गरम होणं यातलं काही बघत नाहीत.

सीट कव्हरचं म्हणाल तर त्याने फेल होत नाही, पण बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत शिवलेली असते आणि आपण पुण्याहून आणलेलं जाडजूड रेक्झिनचं कव्हर तिच्यावर चढवून टाकतो. शिवणीच्या जागी मोकळी फट असलेलं कव्हर घ्या. हा एमओटीचा नाही, माझा आग्रह आहे.

आरशाला गणपती लटकवलाय, काचेला स्टिकर आहे, डॅशबोर्डवर मूर्ती आहे, मोबाईलचा स्टँड आहे.

डॅशबोर्डवर खाली चिकटवलेली छोटी मूर्ती, दृष्टीच्या आड येत नाही, कोणी काही म्हणत नाही. आरशाला लोंबणारी वस्तू, मग तो गणपती असो, लिंबू-मिरची असो नाहीतर झाडाच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा, वायपर फिरतात त्या भागात समोरचं खरोखर झाकत असेल तर मेजर धरता येतो. किती झाकलं म्हणजे खरोखर, हे टेस्टरच्या नजरेवर आहे, म्हणून त्या दिवशी काढून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, बाप्पा रागावणार नाहीत. मोबाईल स्टँड आणि सक्शन कपचंही तेच. आपल्याकडच्या टोलनाक्याचे, सोसायटीचे स्टिकर इथल्या गाडीवर नसतातच, पण इथले पार्किंग परमिट लोक काचेच्या मध्यभागी लावतात, ते कडेला घ्या.

काचेला छोटा टवका उडालाय, किती मोठा चालतो?

ड्रायव्हरच्या समोर, स्टिअरिंगच्या मध्यावर २९० मिमी रुंदीचा पट्टा धरतात, वायपर फिरतात तेवढ्या उंचीचा. त्या पट्ट्यात १० मिमीच्या वर्तुळात न मावणारं नुकसान असेल तर फेल. वायपरच्या बाकी भागात हीच मर्यादा ४० मिमी. म्हणजे तोच टवका डावीकडे असेल तर पास आणि तुमच्या डोळ्यासमोर असेल तर फेल. तुमच्या इन्शुरन्समध्ये काच भरून घेण्याची सोय आहे का बघा, पूर्ण काच बदलण्यापेक्षा टवका भरून घेणं फार स्वस्त पडतं आणि थंडीत तो पसरायच्या आत केलेलं बरं.

आतला आरसा गळून पडला. काचेला परत चिकटतच नाही.

याचं उत्तर लोकांना पटत नाही पण खरं आहे. १ ऑगस्ट १९७८ पासून पुढच्या कारला ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा आरसा हवाच, आणि त्याशिवाय आतला किंवा पॅसेंजर बाजूचा बाहेरचा यापैकी एक. म्हणजे दोन्ही बाहेरचे आरसे धडधाकट असतील तर आतला नसला तरी पास होते. चालवताना गैरसोय होते म्हणून लावून घ्या, पण त्यासाठी टेस्टची तारीख पुढे ढकलायची गरज नाही. उलट बाजू मात्र बघा, ड्रायव्हरच्या बाजूचा तुटला असेल तर बाकीचे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

पॉवर विंडो खाली जात नाही. दार आतून उघडत नाही.

खिडकी: तपासत नाहीत. दार: तपासतात. पुढची दोन्ही दारं आतूनही उघडली पाहिजेत आणि बाहेरूनही. मागची बाहेरून उघडली की झालं, त्यामुळे चाइल्ड लॉक लावलेला असला तरी काही बिघडत नाही. खिडकी खाली करून हात बाहेर घालून दार उघडायची सवय लागलेली असेल, तर ते आतून उघडत नाही असंच धरलं जाईल.

हॉर्न बारीक वाजतो, चालेल?

ऐकू आला पाहिजे. अजिबात वाजत नसेल तर मेजर. इथे वर्षभर हॉर्न कोणी वाजवत नाही, त्यामुळे तो बंद पडलाय हे टेस्टच्या दिवशीच कळतं अशी खूप उदाहरणं आहेत. आणि ट्रकसारखे सूर बदलणारे म्युझिकल हॉर्न इथे चालत नाहीत, सूर एकसारखा लागतो.

स्पीडोमीटरचे अर्धे आकडे दिसत नाहीत, किलोमीटर दाखवणारी पट्टी गेलीय.

ओडोमीटर वाचता आला नाही तरी त्यावर फेल करत नाहीत, वाचता आला नाही अशी नोंद करतात. स्पीडोमीटर पूर्ण मेलेला असेल किंवा रात्री त्यात उजेडच येत नसेल तर मात्र पास होणार नाही. मेन बीमचा (हेडलाइटचा लांबचा उजेड) निळा दिवाही लागला पाहिजे, तो बारीक वाटतो पण यादीत आहे. हॅझर्डचे चारही दिवे इग्निशन चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा लुकलुकले पाहिजेत, हेही घरी उभ्या उभ्या बघता येतं.

ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय.

बदला. फार तर दहा पौंडाचं असतं, हाताने बसतं. गुळगुळीत किंवा गळून पडलेलं रबर म्हणजे पावसात ओला बूट घसरणार, म्हणून तो मेजर आहे. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकत नाही ना तेही त्याच वेळी बघा.

गाडी आतून घाण आहे, मागे सामान भरलंय.

घाणीवर फेल नाही. पण तपासणीच करता येऊ नये इतकी घाण किंवा सामान असेल तर टेस्टर टेस्टच नाकारू शकतो. भारतातून आलेल्या बॅगा अजून डिकीत असतील तर बाहेर काढा. कार्पेट, प्लॅस्टिकची पॅनल, असलं काही उचकटून बघायचा टेस्टरला अधिकार नाही, त्यामुळे त्याखाली काय दडलंय ते एमओटीत कळत नाही. सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्या.

गराजवाला म्हणतो हे हे एमओटीसाठी करावंच लागेल. खरं बोलतोय का कसं ओळखायचं?

टेस्ट झाली असेल तर कागद बघा. मेजर किंवा डेंजरस खाली लिहिलेलं तेवढंच एमओटीसाठी करावं लागतं. बाकी "बघा ना, केबिन फिल्टर पण घाण आहे, एसीचा गॅस पण भरून देतो" हे त्याचं दुकान आहे, करायचं तर करा, एमओटीशी संबंध नाही. टेस्ट व्हायच्या आधीच कोणी अशी यादी दिली तर शांतपणे म्हणा की आधी टेस्ट करा, मग बोलू. टेस्टचे मॅन्युअल सरकारी साइटवर कोणालाही फुकट वाचता येतं आणि भाषा सोपी आहे.

दुसरा रस्ता म्हणजे काउन्सिलची (इथली नगरपालिका) टेस्ट सेंटरं. काउन्सिल स्वतःच्या गाड्या तपासायला ती चालवतं, बऱ्याच ठिकाणी सामान्य लोकांनाही घेतात, आणि बहुतेक ठिकाणी आपली गाडी दुरुस्त करत नाहीत. दुरुस्तीचं बिलच नाही म्हटल्यावर फॉल्ट फुगवून सांगायचं कारण राहत नाही. सगळ्या शहरांत नाहीत, पण जवळ असेल तर मी तिथेच जाईन.

फेल झाली, आता परत पूर्ण पैसे का?

गाडी तिथेच ठेवून दुरुस्त करून घेतली आणि दहा कामाच्या दिवसांत परत टेस्ट झाली तर रीटेस्ट फुकट. गाडी बाहेर नेली तरी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत त्याच सेंटरला परत आणली तर ठरावीक गोष्टींची रीटेस्ट फुकट आहे, आणि आनंदाची बाब म्हणजे आतल्या बऱ्याच गोष्टी त्या यादीत आहेत: हॉर्न, सीट, सीटबेल्ट (पण त्याचे गाडीला जोडलेले पॉइंट नाहीत), आरसे, दारं, वायपर-वॉशर, ब्रेक पेडलचं रबर, मेन बीमचा निळा दिवा, टायर प्रेशरची सिस्टीम, समोरची काच. त्यानंतर पण दहा कामाच्या दिवसांत आणली तर कमी फी पडते. ते गेलं की नवी टेस्ट, नवे पैसे.

फेल झालेली गाडी घरी चालवत नेऊ शकतो का?

जुनी एमओटी अजून चालू असेल, कागदावर डेंजरस काही नसेल आणि गाडी रस्त्यावर चालवण्यासारखी असेल तर नेऊ शकता. जुनी संपली असेल तर फक्त दुरुस्तीला किंवा आधी ठरवलेल्या टेस्टला. एमओटीशिवाय चालवल्यास हजार पौंडापर्यंत दंड, आणि गाडी धोकादायक अवस्थेत चालवली तर अडीच हजारापर्यंत दंड, लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट, बंदीसुद्धा. म्हणून तारीख संपायची वाट बघू नका. एक महिना वजा एक दिवस आधी टेस्ट केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, काही नुकसान नाही, आणि मध्ये दुरुस्तीला वेळ मिळतो.

मायनर आणि अॅडव्हायजरी कोणाला दिसतात?

सगळ्यांना. गाडीचा नंबर टाकला की सरकारी साइटवर जुन्या टेस्ट, फेल, अॅडव्हायजरी आणि मायलेज फुकट दिसतं. सेकंडहँड घेताना हे न बघता पैसे देऊ नका. तीन वर्षं ओळीने तीच अॅडव्हायजरी असेल तर मालकाने काहीच केलं नाही हे समजा, आणि मायलेज एका वर्षी खाली आलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

टॅक्सी किंवा प्रायव्हेट हायर चालवतो, तेच नियम का?

एमओटी तीच, पण लायसन्स देणारं काउन्सिल किंवा लंडनमध्ये टीएफएल (तिथली वाहतूक संस्था) आपली वेगळी तपासणी करतं आणि तिथे आतली स्वच्छता, सीटची अवस्था हे सगळं येतं. वर ज्याला "चालतं" म्हटलंय त्यातलं बरंच तिथे चालत नाही. आपल्या काउन्सिलची यादी वेगळी काढून वाचा.

नॉर्दर्न आयर्लंड?

तिथे पहिली टेस्ट चार वर्षांनी, आणि खाजगी गराजमध्ये नाही, डीव्हीए या तिथल्या सरकारी संस्थेच्या सेंटरमध्ये. तारीख मिळायला वेळ लागू शकतो, लवकर बुक करा.

टेस्टरने चुकीचं फेल केलं असं वाटतंय.

आधी त्याच्याशीच बोला, कागदावरच्या फॉल्टचा मॅन्युअलमधला नंबर विचारा आणि तो परिच्छेद त्याच्यासमोर उघडा, निम्मे वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर व्हीटी १७ नावाचा फॉर्म भरून टेस्टपासून १४ कामाच्या दिवसांत डीव्हीएसएकडे अपील करता येतं. ते गाडी परत तपासतात, त्याची पूर्ण फी आधी भरावी लागते आणि तुमचं बरोबर निघालं तर पैसे परत मिळू शकतात. फक्त अपीलचा निकाल लागेपर्यंत तो भाग दुरुस्त करू नका किंवा बदलू नका, कारण मग तपासायला काही उरतच नाही.